डोंगराची डिग्री

शनिवारची दुपार कलली की आमच्या डोंबिवलीच्या घरात विळीवर गूळ चिरल्याचा आवाज सुरू व्हायचा. आवाज कोरडा आणि एका लयीतला होता. तो थांबला की आईने परात पुढे ओढली हे आतल्या खोलीत बसूनही कळायचं. मग ती दशम्यांचं पीठ मळायची. दुधात गूळ विरघळवून त्यात कणीक भिजवायची, पाणी अजिबात वापरायचं नाही. म्हणून दशमी टिकते आणि टिकते म्हणून ती प्रवासाला जाते. दशम्यांनंतर गूळपापडी. कणीक तुपात तांबूस भाजायची, गुळात घोळून ताटात थापायची आणि गरम असतानाच सुरीने वड्या पाडायच्या. भाजलेल्या कणकेचा वास जिन्यात उतरायचा आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना समजायचं की उद्या बाबा डोंगरावर जाणार. एमआयडीसीकडून वारा असेल त्या संध्याकाळी या वासात कारखान्यांचा उग्र वास मिसळायचा. आम्हाला त्याची सवय होती. आजही कुठे तुपात कणीक भाजली जात असली की मला त्या वासात काहीतरी कमी वाटतं आणि काय कमी आहे हे लक्षात यायला थोडा वेळ जातो.

बाबा ठाण्यात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. आठवडाभर ते नट-बोल्ट आणि ग्रीसचे डबे मोजत आणि रविवारी माणसं डोंगरावर नेत. त्यांचं एक गिरिभ्रमण मंडळ होतं. नाव मोठं होतं, कारभार साधा होता. कल्याणच्या एसटी स्टँडवर पहाटे जमायचं, गाडीभाडं ज्याचं त्याने द्यायचं आणि बाकी कशाचेही पैसे घ्यायचे नाहीत. बँकेतले, पोस्टातले, शाळेतले लोक येत. बाबांना सगळे नाना म्हणत. घरी गप्प असणारा माणूस तिथे शिट्टी वाजवून माणसांना हलवतो, हे मी लहान असताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते दुसरेच कोणीतरी वाटले होते. मंडळाचा एकच नियम कडक होता. माथ्यावर पोचल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही. वर कुठला ना कुठला देव असायचाच, निदान शेंदूर फासलेला दगड तरी. आमच्या घरच्या गूळपापडीचा नैवेद्य आधी त्याला दाखवायचा, मग सगळ्यांना एकेक वडी, आणि त्यानंतर डबे. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा म्हणत, देवाचं सोडा, भुकेला माणूस पटापट चढतो.

नैवेद्याचा डबा माझ्या पाठीवर असायचा. सगळ्यात शेवटी चालणाऱ्याला मंडळात ‘शेपूट’ म्हणत आणि मी मंडळासोबत जायला लागल्यापासून ते काम माझं होतं. मागे कोणी राहू नये हे बघायचं आणि आपण कोणाच्याही पुढे जायचं नाही. बाबा सगळ्यात पुढे, मी सगळ्यात मागे. डोंगरावर आमची दिवसभर गाठ पडायची नाही. वर पोचले की ते माझ्याकडे न बघता हात पुढे करायचे आणि मी डबा द्यायचे.

आई कधीही आली नाही. तिला कोणी विचारलं नव्हतं असं नाही. पण रविवारी नळाला पाणी यायची वेळ, दुपारी जाणारी वीज आणि आठवड्याचं धुणं या तिघांपैकी कोणालाच डोंगराचं कौतुक नव्हतं. शिवाय शनिवारी रात्रीपर्यंत ओट्यापाशी उभं राहिल्यावर रविवारी तिला पाय सरळ करायचे असत. एकदा कोणीतरी तिला विचारलं, वहिनी, कुठले कुठले किल्ले झाले तुमचे? ती म्हणाली, “मी एकही पाहिला नाही. माझ्या दशम्या मात्र सगळीकडे जाऊन आल्या.” लोक हसले. बाबाही हसले. आई ताटावरचं कापड नीट करत राहिली.

बारावीच्या वर्षी ठाण्यात एका हॉलमध्ये करिअर मेळावा भरला होता. कॉलेजने आम्हाला नेलं होतं. इंजिनिअरिंगच्या टेबलांपुढे आईबाप रांगा लावून उभे होते, हॉटेल मॅनेजमेंटवाले टोपी घालून केक वाटत होते आणि कोपऱ्यातल्या एका टेबलावर डोंगराचा मोठा फोटो लावून बॉबकट केलेल्या एक बाई एकट्याच भेळ खात बसल्या होत्या. मी फोटोकडे बघत उभी राहिले. त्यांनी तोंडातला घास संपवला आणि विचारलं, “कुठला आहे, ओळख.” मी ओळखला. “कधी गेलेलीस?” मी सांगितलं, तीनदा. “पुढे होतीस का मागे?” हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मागे, असं म्हटल्यावर त्यांनी भेळेचा कागद बाजूला सारला आणि मला खुर्ची दिली. त्या बर्वे मॅडम. नाशिकच्या पुढे एका नव्या कॉलेजात निसर्ग पर्यटन आणि मैदानी उपक्रम असा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम त्या चालवत होत्या. त्यात प्रथमोपचार होते, नकाशा वाचणं होतं, पक्षी आणि झाडं होती, जंगलाचे कायदे होते, गटाला सांभाळून नेणं होतं, हिशेब होता आणि ग्राहक सेवा होती. वसतिगृहात राहावं लागणार होतं. प्रवेशाआधी मुलाखत होती आणि तिला वडील किंवा आईने सोबत यायचं होतं.

मी ते माहितीपत्रक घरी आणलं तेव्हा मला वाटलं होतं की आईची समजूत काढावी लागेल आणि बाबा माझ्या बाजूने असतील. झालं उलटं. बाबांनी ते जेवणाआधी वाचलं. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, “ग्राहक म्हणजे काय गं?”

मी म्हटलं, “टूरिस्ट. पैसे देऊन येणारे.”

“डोंगरावर?”

“हो.”

“म्हणजे आमच्या मंडळातला पेडणेकर माझा ग्राहक?”

“नाही बाबा, तसं नाही.”

“मग कसं? मी त्याला फुकट नेतो आणि तू त्याला पावती देणार. डोंगर काय आपण बांधलाय का?” ते उठले आणि त्यांनी ताट मोरीत ठेवलं. “बीकॉम कर, बीएससी कर, काय हवं ते कर. रविवारी डोंगर आहेच. त्याची नोकरी करायची नाही.”

त्यांचा राग मला समजत होता, हीच अडचण होती. त्यांच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी होती जिची किंमत कोणी लावलेली नव्हती. त्यांच्या लेखी मी तिला किंमत लावायला निघाले होते. पुढे पदवी मिळाल्यावर मी काही वर्षं त्या धंद्यात काढली. शनिवार-रविवारी बसमधून उतरणाऱ्या, उतरल्या उतरल्या चार्जिंग पॉइंट कुठे आहे विचारणाऱ्या पाहुण्यांना पायवाटेवरून नेलं. बाबांचं म्हणणं सर्वस्वी चुकीचं होतं असं तेव्हाही म्हणता आलं नसतं. पण अठराव्या वर्षी माणसाला अर्धं बरोबर असलेलं उत्तर चालत नाही.

वर्तकनगरची आत्या मुद्दाम समजवायला आली. ती बाबांची थोरली बहीण, तिच्या शब्दाला घरात वजन होतं आणि तिला मधुमेह होता, त्यामुळे पर्समध्ये साखरेची पुडी आणि तोंडात कडू बोलणं दोन्ही तयार असायचं. पंख्याखाली बसून तिने घाम पुसला आणि सुरुवात केली. “डोंगराची डिग्री? उद्या झोपायची निघेल, तीही घे. आमच्या सोसायटीतली पोरं बघ, एक सीए करतोय, एक कॉम्प्युटर करतोय. लग्नात काय सांगायचं, मुलगी काय करते? तर डोंगर चढते!”

“उतरते पण,” मी म्हटलं.

“बघ, बघ कशी बोलते. वहिनी, तुम्ही काही बोला की.”

आई शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. “मला विचारलंत तर जाऊ दे तिला. पैसे घेऊन माणसं नेणार असेल तर उलट बरंच. फुकट नेणाऱ्याच्या घरी कोणीतरी फुकट राबत असतं.”

बाबा बाल्कनीत होते. त्यांनी ऐकलं की नाही हे कळलं नाही. आईने शेंगांची टरफलं गोळा केली आणि ती चहा ठेवायला उठली. त्या दिवसानंतर बाबा आणि आई एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होते. शनिवारचा गूळ मात्र चिरला जात होता. मुलाखतीचा दिवस जवळ येत होता आणि आई म्हणत होती की वेळ आली तर मी येईन तुझ्याबरोबर. मला ते नको होतं. बाबांनी शिकवलेली गोष्ट बाबांच्या पाठीमागे शिकायला जायचं माझ्याच्याने झालं नसतं.

मे महिन्यातला तो रविवार. मुरबाडच्या पुढचा, फार उंच नसलेला, माथ्यावर देवी असलेला एक डोंगर होता. उन्हाळ्यात बाबा छोटे डोंगर घेत आणि ऊन चढायच्या आत वर पोचायचं असा बेत असे. पेडणेकर काका टिटवाळ्याहून आले होते. ते बाबांचे सगळ्यात जुने सोबती, मूळचे मालवणकडचे, निवृत्त होऊन काही वर्षं झालेले. ते नेहमी मागे पडायचे, त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांची आणि माझी जोडी होती. बाबा वरून ओरडायचे, “पेडणेकर, आलंच!” आणि काका मला हळूच म्हणायचे, “तुझ्या बापाचा ‘आलंच’ म्हणजे काय ता माका म्हायत हा.” वाटेत करवंदांच्या जाळ्या होत्या. काका प्रत्येक जाळीपाशी थांबून मूठभर करवंदं तोडत आणि म्हणत, करवंद म्हणजे डबो न्हय, ह्या नियमात बसता. मी हसत होते. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त जाळ्यांपाशी थांबत होते, हे माझ्या लक्षात आलं होतं; त्याचा अर्थ आला नव्हता.

अर्ध्याच्या वर एक कातळाचा टप्पा होता. बाकीचे लोक तो ओलांडून दिसेनासे झाले होते. काका कातळावर बसले आणि उठेनात. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, आणि उन्हातला घाम आणि हा घाम वेगळा आहे हे मला दिसत होतं. हात थरथरत होते. मी विचारलं, काका, बरं वाटत नाही का? त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळखल्यासारखं नाही. “टिटवाळा गेला काय गो?” त्यांनी विचारलं. “माका उतरूचा हा.”

आत्याला एकदा वर्तकनगरच्या घरी असंच झालेलं मी पाहिलं होतं. बोलता बोलता ती माझ्या आईला स्वतःच्या मेलेल्या मैत्रिणीच्या नावाने हाक मारायला लागली होती आणि काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, तिच्या तोंडात साखर कोंबली होती. पेडणेकर काकांना मधुमेह आहे हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यावर विनोदही होत. सकाळी गोळी घेऊन ते घरून निघाले होते आणि पोटात करवंदांखेरीज काही नव्हतं, कारण डबा माथ्यावर उघडायचा होता. मी पाठीवरची सॅक काढली आणि वरच असलेला डबा उघडला. वडी हातात घेतली तेव्हा काकांना आजूबाजूचं भान नव्हतं, तरी त्यांनी डब्यावर हात ठेवला.

“देवीचो तो.”

“दाखवून झाला, काका. हा प्रसाद आहे.”

हे ऐकून त्यांनी तोंड उघडलं. मी वडी कुस्करून थोडी थोडी दिली, वर पाणी दिलं, परत वडी. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. ऊन कातळावर आलं होतं आणि खाली कुठेतरी एक पावशा ओरडत होता. शेवटी काकांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, डब्यात डोकावून पाहिलं आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “गो, तुझ्या आवशीन आज तूप बरा घातल्यान.” तेव्हा मला रडू आलं, पण मी डबा बंद करण्यात वेळ घेतला.

त्यानंतर आमचं भांडण झालं. काकांना वर जायचं होतं. आता काय, पोचलंच, असं त्यांनीच म्हटलं. मी म्हटलं, आपण खाली जायचं. “तुझ्या बापाक काय सांगू? अर्ध्यातून फिरलय म्हणान सांगू?” मी त्यांची सॅक माझ्या खांद्याला अडकवली आणि खाली चालायला लागले. माझ्या मागे कोणी राहत नाही आणि मी कोणाच्या पुढे जात नाही, असं माझं तोवरचं आयुष्य होतं. मागे वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांच्या बुटांचा आवाज आला. माझ्या पाहण्यात तोवर मंडळाच्या कुठल्याही माणसाला कोणी असं अर्ध्यातून फिरवलं नव्हतं. वर निरोप द्यायला माणूस नव्हता. मोबाइल होते, पण त्या डोंगराला रेंज नव्हती. आम्ही दिसत नाही म्हटल्यावर कोणीतरी लवकरच खाली येईल, असा माझा हिशेब होता.

पायथ्याच्या वाडीत एका बाईने आम्हाला तिच्या ओटीवर बसू दिलं. काकांनी दोन कप कोरा चहा घेतला, त्यांच्या डब्यातली पोळी खाल्ली आणि भिंतीला टेकून झोपले. मी वाटेकडे बघत बसले. दुपार झाली. कोणी आलं नाही.

कोणी का आलं नाही हे नंतर कळलं, आणि ते मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. सगळे लोक वेळेत माथ्यावर पोचले होते. प्रत्येकाच्या सॅकमध्ये भरलेला डबा होता. पण नैवेद्य आला नव्हता. म्हणून ते बसून राहिले. पेडणेकर करवंदं खात बसला असणार, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले आणि पुन्हा हसले. झाड एकच होतं आणि त्याची सावली सरकत होती, तसे ते सरकत होते. पाणी संपत आलं. कोणी डबा उघडला नाही आणि उघडू का असं कोणी विचारलंही नाही. बँकेत ज्यांच्या सहीने लोकांना कर्ज मिळत होतं आणि शाळेत जे मुलांना विज्ञान शिकवत होते, ते सगळे पोटात कावळे ओरडत असताना शेंदराच्या दगडापुढे बसून होते. ऊन असह्य झालं तेव्हा बाबा उठले आणि त्यांच्यामागे बाकीचे.

मी आता वर्तमानपत्रात काम करते. पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी आमच्या डेस्कवर डोंगरात अडकलेल्या कोणाची तरी बातमी येते. मजकूर जवळपास तयारच असतो, गावाचं नाव बदलावं लागतं. त्यात ‘अतिउत्साह’ हा शब्द हमखास असतो. मी तो काढून टाकते. माझा अनुभव वेगळा आहे. माणसं बहुधा उत्साहाने अडकत नाहीत, संकोचाने अडकतात. थांबू या, असं म्हणायला कोणाला तरी लाज वाटलेली असते.

बाबा वाडीत उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उन्हाने काळा पडला होता. मला पाहिल्यावर त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो, “नैवेद्य?” नेहमीसारखा हात पुढे केला. मी डबा दिला. त्यांनी झाकण उघडलं, निम्मा रिकामा डबा पाहिला आणि मग माझ्या मागे ओटीवर टेकून बसलेले काका पाहिले. काकांनी हात वर केला.

“नाना, मीच खाल्लंय. देवीक सांग, नैवेद्य पेडणेकराक पोचलो.”

कोणीतरी हसलं. मी काय झालं ते सांगितलं, आत्याचंही सांगितलं. मंडळी हळूहळू अंगणात बसली आणि एकेकाने डबे काढले. नैवेद्याशिवाय. झाकणं उघडल्याचे आवाज तेवढे आले. बाबा जेवले नाहीत. काकांच्या शेजारी ओटीवर बसून राहिले आणि एकदा त्यांनी काकांच्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघावी तसा, पण त्यांना नाडी बघता येत नव्हती. घरी आल्यावर आईने नेहमीप्रमाणे विचारलं, “वड्या पुरल्या?” बाबा म्हणाले, “पुरल्या,” आणि आंघोळीला गेले.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ते ठाण्याहून परस्पर टिटवाळ्याला जाऊन आले. उशीर झाला म्हणून आईने पान वाढून ठेवलं होतं. जेवता जेवता ते तिच्याशी बोलायला लागले. बऱ्याच दिवसांनी.

“त्याला सकाळी स्टँडवरच बरं वाटत नव्हतं. मला बोलला नाही.”

आई म्हणाली, “बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

बाबांनी भातात आमटी कालवली. बराच वेळ कालवत राहिले. “म्हणालो असतो, चल रे, आलंच.”

आईने त्यांना भात वाढला, मला वाढला, मग स्वतःचं ताट घेतलं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “मुलाखत कधी आहे तुझी?”

आम्ही दोघं एसटीने गेलो. बाबांनी ऑफिसला घालायचा शर्ट घातला होता. कॉलेज म्हणजे तीन बैठ्या इमारती आणि एक विटांचं अर्धवट बांधकाम होतं. आवारात नुकतीच लावलेली रोपं होती आणि त्यांना बांधलेल्या काठ्या रोपांपेक्षा उंच होत्या. बर्वे मॅडमनी मला ओळखलं. त्यांनी विचारलेले प्रश्न आता मला आठवत नाहीत. मी बहुतेक बरी उत्तरं दिली. शेवटी त्या बाबांकडे वळल्या. पालकांना काही विचारायचंय का? मला वाटलं, आता ग्राहकाचं निघणार.

बाबा म्हणाले, “परत फिरायला शिकवता का?”

“म्हणजे?”

“अर्ध्यातून. सगळ्यांना वर जायचं असताना.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “शिकवतो. पहिल्याच वर्षी. पण खरं सांगू का, येत नाही पटकन. माणूस पैसे भरून आलेला असतो, त्याला खाली चला म्हणणं जड जातं.”

“मित्राला त्याहून जड जातं,” बाबा म्हणाले. मग ते थोडे मागे रेलले, त्यांचं बोलून झालं होतं. मॅडमनी वाट पाहिली आणि मग पुढच्या मुलाला आत बोलावलं.

प्रवेश मिळाल्याचं तिथेच सांगितलं. आम्ही कँटीनमध्ये मिसळ खाल्ली; बाबांनी पाव परत केला, नुसती खाल्ली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, त्यांनीही. दोघांनीही चहा मागवला. त्या वर्षी मंडळाच्या आणखी दोन-तीन सहली झाल्या असतील. मी वसतिगृहात होते, शेपटाला दुसरं कोणीतरी चालत असेल. मग त्या बंद पडल्या. कोणी बंद केल्या नाहीत. आईने एकदा फोनवर सांगितलं की शनिवारी आता सिरियल बघते, तेव्हा मला समजलं.

मुलाखतीहून परतताना गाडीत बाबा खिडकीशी बसले. ते गाडीत कधी झोपत नसत. डोंगर दिसला की त्याचं नाव सांगायचे, ऐकणारा असो नसो, अनोळखी प्रवाशालाही. त्या दिवशी नाशिक सुटल्यावर त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. घोटी गेलं. डावीकडे रांग लागली, संध्याकाळच्या उन्हात अगदी स्पष्ट. कळसूबाई मी ओळखली, अलंग, मदन, कुलंग ओळखले. त्यांच्या पुढे एक टोकदार डोंगर होता, त्याचं नाव मला आठवेना. जिभेवर होतं, येत नव्हतं. बाबांना हाक मारावी असं वाटलं. त्यांचं डोकं खिडकीच्या दांडीवर सारखं आपटत होतं आणि ते तरीही जागे होत नव्हते. मी रुमालाची घडी करून मध्ये ठेवली. गाडी घाट उतरायला लागली.